लॉस ओसोस : एका गटाराची तेहतीस वर्षं

पाण्याच्या इतिहासाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा धरणं, कालवे आणि मोठ्या शहरांच्या पाणीयोजना यांच्याकडे वळतो. आज एक छोटं गाव घेऊ. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लॉस अँजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या साधारण मध्यावर, मोरो बे नावाच्या खाडीच्या दक्षिण काठाला लॉस ओसोस वसलेलं आहे. लोकवस्ती चौदा-साडेचौदा हजार. या गावात भुयारी गटार बांधा, असा आदेश १९८३ साली निघाला आणि ते गटार सुरू झालं २०१६ साली. तेहतीस वर्षं. या काळात गावाची स्थानिक संस्था दिवाळखोरीत गेली, निवडून आलेली माणसं मुदतीआधी घरी पाठवली गेली, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर आलं. आणि एवढं सगळं झाल्यावर गटार आलं, तेव्हा पाण्याचा प्रश्न समोर उभा होताच.

हे का झालं, हे आज बघायचं आहे. लोक अडाणी होते किंवा सरकार नालायक होतं, अशी सोपी उत्तरं इथे चालत नाहीत. एकेक निर्णय सुटा काढून पाहिला तर त्यामागे काहीतरी कारण दिसतं. ते सगळे एकापुढे एक ठेवले की मग मात्र हिशेब जुळत नाही.

आधी गाव समजून घेऊ. ‘ओसोस’ म्हणजे अस्वलं. १७६९ मध्ये गास्पार द पोर्तोलाची स्पॅनिश मोहीम या खोऱ्यातून गेली तेव्हा तिथे अस्वलं फार दिसली, म्हणून खोऱ्याला हे नाव पडलं. पुढे १७७२ मध्ये उत्तरेकडच्या मिशनमध्ये अन्नटंचाई झाली, तेव्हा पेद्रो फागेस शिकारी घेऊन याच खोऱ्यात आला आणि अस्वलांचं मांस तिकडे धाडलं गेलं. अर्थात स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे चुमाश लोकांची वस्ती होती. पुढे गटारासाठी रस्ते खणायची वेळ आली तेव्हा या जुन्या वस्तीचे अवशेष सांभाळत काम करावं लागलं.

गावाचा मोठा भाग जुन्या वाळूच्या टेकाडांवर आहे. जमीन विकणाऱ्यांनी इथे फार अरुंद प्लॉट पाडले, पुष्कळसे जेमतेम पंचवीस फूट रुंदीचे. दोन प्लॉट एकत्र केले की एक घर उभं राहायचं. बराच काळ ही सुट्टीतली, निवृत्तांची, कमी पैशात समुद्राजवळ राहायला मिळेल अशी जागा होती. १९७० साली लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास होती. १९८० पर्यंत ती अकरा हजारांच्या जवळ गेली आणि १९९० पर्यंत चौदा हजारांच्या पुढे. म्हणजे वीस वर्षांत चौपट. आता हा चौदा हजारांचा आकडा लक्षात ठेवा. २००० साली तोच, २०१० साली तोच, २०२० सालीही जवळपास तोच. वाढ मध्येच गोठली. ती का गोठली, हे पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. लॉस ओसोस हे कायद्याच्या दृष्टीने शहर नाही. त्याला नगराध्यक्ष नाही, नगरपरिषद नाही. कारभार काउंटीकडे, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे. तिचं मुख्यालय सॅन लुइस ओबिस्पो या शेजारच्या शहरात. गावाबद्दलचे निर्णय गावाबाहेर होतात, ही भावना इथे जुनी आहे.

आता पाण्याकडे येऊ. या गावात बाहेरून पाणी येत नाही. कालवा नाही, धरण नाही. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतच, तोही हिवाळ्यात. पिण्याचं सगळं पाणी गावाखालच्या भूजलातून उपसलं जातं. आणि सांडपाणी? तेही त्याच जमिनीत. घरोघरी सेप्टिक टँक, आणि टँकमधलं पाणी जिरवायला शोषखड्डा. कोकणात घर बांधताना जुनी माणसं विचारतात, विहिरीपासून शोषखड्डा किती लांब ठेवलात? लॉस ओसोसमध्ये सुमारे पाच हजार घरं पंचवीस-पन्नास फुटांच्या प्लॉटवर दाटीने उभी होती आणि त्या सगळ्यांची सामाईक विहीर त्यांच्याच पायाखाली होती.

सेप्टिक टँक काय करतो? गाळ खाली बसवतो. वरचं पाणी मात्र नायट्रोजन घेऊनच बाहेर पडतं. जमिनीतले जिवाणू त्या नायट्रोजनचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला वाळू धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर सरळ खाली जातं. एखाद्या वाडीत चार घरं असतील तर निसर्ग ते पचवतो. पाच हजार घरं झाली की पचत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा अमेरिकेत आहे आणि आपल्याकडच्या मानकांतही तीच आहे. याच्यावर गेलं तर सगळ्यात मोठा धोका तान्ह्या बाळांना असतो. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. शिवाय गावातल्या सखल भागांत भूजल इतकं वर होतं की पावसाळी दिवसांत शोषखड्डेच पाण्यात बुडायचे. म्हणजे जिरणं वगैरे काही नाही, मैलापाणी थेट भूजलात.

या पार्श्वभूमीवर १९८३ मध्ये प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाने ठराव केला. गावाच्या दाट वस्तीचा भाग ‘प्रतिबंधित क्षेत्र’ ठरला, आणि १९८८ नंतर तिथे सेप्टिक टँकमधून जमिनीत सांडपाणी सोडायला बंदी झाली. नवीन घरांना परवानगी थांबली. लोकसंख्या गोठली ती इथे. पण जी घरं आधीच उभी होती त्यांचं काय? त्यांचे टँक रोज चालूच होते. त्यांना पर्याय नव्हता, कारण गटार नव्हतं. म्हणजे १९८८ पासून गावातली बहुसंख्य माणसं रोज सकाळी उठून, तोंड धुऊन, एका सरकारी बंदीचा भंग करत होती. असं अठ्ठावीस वर्षं चाललं.

गटार बांधायचं काम काउंटीचं. काउंटीने आराखडे केले. पण पैसा कुणाचा, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. इथे घर असलेली पुष्कळ माणसं निवृत्त होती, ठरावीक पेन्शनवर जगणारी होती. त्यांना सांगितलं जात होतं की तुमच्या अंगणातला चालू स्थितीतला टँक बुजवा आणि त्याच्या बदल्यात आयुष्यभर मोठं बिल भरा. काहींनी विचारलं, नायट्रेट खरंच आमच्या टँकचंच कशावरून? शेतीच्या खतांचं नसेल कशावरून? हा प्रश्न विचारणं गैर नव्हतं. पण त्याचं उत्तर शोधता शोधता वर्षं जात राहिली.

मग आलं १९९८. काउंटीची योजना किनारा आयोगापुढे अडखळत होती. त्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून स्वतःची संस्था स्थापन केली, लॉस ओसोस कम्युनिटी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट. पाच निवडून आलेले सदस्य. गटाराची जबाबदारी काउंटीकडून या संस्थेकडे आली. निवडणुकीतला वायदा होता की आपण हे काम स्वस्तात करू. तळ्यांसारख्या हौदांतून सांडपाणी शुद्ध करायचं, अशी साधी पद्धत मांडली गेली होती. गाव मोठ्या उत्साहात होतं. शेवटी आपला कारभार आपल्या हातात!

हातात कारभार आल्यावर नियमही हातात आले. जलगुणवत्ता मंडळाला नायट्रोजन किती काढला जातो याची खात्री हवी होती, आणि हौदांची ती योजना तिथे टिकली नाही. मग संस्थेने नेहमीच्या पद्धतीचं प्रक्रिया केंद्र काढलं. जागा मात्र गावाच्या मधोमध ठेवली, वस्ती, वाचनालय आणि सभागृहाच्या शेजारी. स्वस्त योजनेसाठी मत देणाऱ्या लोकांच्या पदरात महाग योजना पडली, तीही घरासमोर. लोक चिडले. मैल्याचं केंद्र भरवस्तीत का, गावाबाहेर का नाही, असा साधा प्रश्न होता आणि त्याचं सर्वांना पटेल असं उत्तर संस्थेला कधी देता आलं नाही.

२००५ हे वर्ष नीट पाहायला हवं. राज्याने सुमारे साडेतेरा कोटी डॉलरचं कमी व्याजाचं कर्ज मंजूर केलं होतं. उन्हाळ्यात ठेकेदारांनी काम सुरू केलं. आणि सप्टेंबरमध्ये मतदान झालं. कॅलिफोर्नियात निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी मतदानाने परत बोलावता येतं. पाचपैकी तीन सदस्य परत बोलावले गेले, अगदी थोड्या मतांनी. शिवाय केंद्र वस्तीच्या मध्यात नको, असा नियमही त्याच मतदानात झाला. नव्या मंडळाने काम थांबवलं. राज्याने कर्जाचे पुढचे हप्ते रोखले.

इथून पुढचं सगळं फार वेगाने झालं. ठेकेदारांनी दावे लावले. २००६ च्या जानेवारीत जलगुणवत्ता मंडळाने संस्थेला ६६ लाख डॉलरचा दंड ठोठावला. आणि त्याच वर्षी मंडळाने आणखी एक पाऊल उचललं, जे आजही गावात विसरलं गेलेलं नाही. प्रतिबंधित क्षेत्रातली पंचेचाळीस घरं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडली आणि त्या घरमालकांवर व्यक्तिशः कारवाई सुरू केली. तुम्ही बेकायदा सांडपाणी सोडता, थांबवा. कसं थांबवायचं? गटार तर नाही. कायद्याने मंडळाचं म्हणणं चूक नव्हतं. पण पाच हजार घरांनी मिळून केलेल्या गोष्टीसाठी पंचेचाळीस घरांना नोटीस येते, तेव्हा त्यात न्याय कुठला, हे त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना कोण समजावणार? ऑगस्ट २००६ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आठ वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानाने स्थापन केलेली संस्था ही. तिच्या हातून गटार काढून घ्यावं लागलं. सॅम ब्लेक्सली या आमदाराने राज्य विधिमंडळात विधेयक मांडलं, ते मंजूर झालं, आणि गटाराचं काम पुन्हा काउंटीकडे गेलं. म्हणजे फिरून त्याच जागी.

पण यावेळी काउंटीने एक गोष्ट वेगळी केली. केंद्राची जागा किंवा पद्धत आधी ठरवली नाही. आधी घरमालकांना विचारलं, पैसे भरायला तयार आहात का? कॅलिफोर्नियात मालमत्तेवर असा आकार बसवायचा तर मालकांचं टपाली मत घ्यावं लागतं. २००७ मध्ये ते घेतलं. एका घराच्या वाट्याला जवळपास २५,००० डॉलर येणार होते. आणि सुमारे ऐंशी टक्के मतं ‘हो’ पडली. दोनच वर्षांपूर्वी ज्या गावाने चालू काम बंद पाडलं, त्याच गावाने हे मान्य केलं. का? आमच्या मते दोन कारणं. एक म्हणजे दंड, नोटिसा आणि दिवाळखोरी यांनी माणसं थकली होती. दुसरं, यावेळी रक्कम आधी सांगितली गेली. स्वस्तात होईल असा वायदा कुणी केला नाही.

त्यानंतर पर्याय तपासले गेले. केंद्र गावाबाहेर, पूर्वेकडे नेलं. २०१० मध्ये किनारा आयोगाची परवानगी आली, २०१२ मध्ये खोदाई सुरू झाली. सुमारे सत्तर किलोमीटरची नळवाहिनी, दिवसाला १२ लाख गॅलन, म्हणजे साधारण ४५ लाख लिटर क्षमतेचं केंद्र, एकूण खर्च १८ कोटी डॉलरच्या वर. मार्च २०१६ पासून घरं जोडायला सुरुवात झाली. १९९० च्या दशकातल्या काउंटीच्या योजनेचा अंदाज याच्या निम्म्याहून कमी होता. महागाई धरली तरी गावाने उशिराची मोठी किंमत मोजली, हे दिसतंच.

आता इथे कुणी म्हणेल, झालं ना शेवटी? गटार आलं, नायट्रेट थांबलं, गोष्ट संपली. पण या कथेचा खरा भाग जमिनीखाली चालला होता आणि सभांमधल्या आरडाओरड्यात तो फार कमी लोकांना ऐकू आला.

लॉस ओसोसच्या खाली भूजलाचे थर आहेत. ढोबळमानाने वरचा आणि खालचा असे दोन धरा. मध्ये चिकणमातीचा पापुद्रा. नायट्रेट साठलं ते वरच्या थरात. मग गावाला पाणी पुरवणाऱ्या संस्थांनी काय केलं? जे कुणीही करेल तेच. वरचं पाणी खराब, तर खालचं उपसा. खालचं पाणी स्वच्छ होतं, जुनं होतं, मुरायला फार काळ लागलेलं होतं. पण किनाऱ्यालगतच्या भूजलाला समुद्र टेकलेला असतो. गोडं पाणी समुद्राला मागे रेटून धरतं ते स्वतःच्या पातळीच्या जोरावर. साधा नियम असा सांगतात की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी तग धरतं. उलट बघा, वरची पातळी एका फुटाने उतरली तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकतं. उपसा वाढला, खालच्या थराचा दाब घटला आणि समुद्र आत यायला लागला. पश्चिमेकडच्या विहिरी एकेक करून खारावल्या.

म्हणजे बघा कसं झालं. सांडपाण्याने वरचा थर बिघडवला. तो बिघडला म्हणून खालच्यावर भार पडला. भार पडला म्हणून समुद्र आला. गटाराचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न या गावात कधी नव्हतेच. पण त्यांच्या फाइली वेगळ्या होत्या. गटार एका संस्थेकडे, नळाचं पाणी तीन वेगवेगळ्या पुरवठादारांकडे, परवानग्या आणखी तिसऱ्यांकडे. गटार कुठे बांधायचं यावर लोक भांडत असताना, ते नाही म्हणून विहिरी खोल जात होत्या.

यात एक गुंतागुंतही होती आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. सेप्टिक टँकमधून घाण खाली जात होती, पण तिच्याबरोबर पाणीही जात होतं. ज्या गावाला बाहेरून थेंब येत नाही, तिथे घरातून जमिनीत परतणारं पाणी म्हणजे मोठी भर. ते उचलून गावाबाहेरच्या केंद्रात नेलं आणि तिकडेच सोडून दिलं, तर भूजल आणखी खाली जाणार. गटाराला विरोध करणाऱ्यांतल्या काहींचा हा मुद्दा खरा होता. म्हणूनच अंतिम योजनेत शुद्ध केलेलं पाणी गावाच्या वरच्या अंगाला, ब्रॉडरसन नावाच्या जागेवर, पुन्हा जमिनीत मुरवायची सोय केली. काही पाणी हिरवळीला वापरायचं ठरलं. घरोघरी कमी पाण्याचे फ्लश बसवण्यासाठी निधी ठेवला गेला. ज्यांना सभेत अडथळा आणणारे म्हणून हिणवलं गेलं, त्यांच्या म्हणण्यातला काही भाग असा आज नळातून वाहतो आहे. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

२०१५ मध्ये, गटार सुरू व्हायच्या काही महिने आधी, पाणीपुरवठादार आणि काउंटी यांच्यात भूजलाबद्दल न्यायालयाच्या मान्यतेने तोडगा झाला. किनाऱ्याजवळचा खोल उपसा कमी करायचा, विहिरी पूर्वेकडे सरकवायच्या, वरच्या थरातलं पाणी शुद्ध करून किंवा मिसळून वापरात आणायचं, असा आराखडा ठरला. समुद्राला मागे रेटणं हे वर्षा-दोन वर्षांचं काम नसतं. मुरलेलं नायट्रेटही गटार सुरू झालं म्हणून दुसऱ्या दिवशी निघून जात नाही.

आणि ज्यांचे मोकळे प्लॉट होते त्यांचं काय? १९८८ पासून ते थांबले होते. गटार आलं की घर बांधू, असं म्हणत काहीजण म्हातारे झाले. २०१६ मध्ये गटार आलं, तर त्यांना सांगण्यात आलं, आता पाणी पुरेल की नाही ते ठरायचं आहे. गावाच्या विकास आराखड्यावर किनारा आयोगाची मोहोर उमटायला २०२४ उजाडलं, तीही वाढीवर मर्यादा घालूनच. या मंडळींच्या प्लॉटवर आज वाळू आणि झुडपं आहेत.

या कथेत लोकशाही नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. उलट भरपूर होती. १९९८ ला मतदान, २००५ ला मतदान, २००७ ला मतदान, आणि मधल्या काळात असंख्य सुनावण्या. आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. प्रत्येक मतदानात प्रश्न असा विचारला गेला की ही योजना हवी की नको. ‘नको’ म्हटलं की काय होईल, त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटेल, हे मतपत्रिकेवर कधीच नव्हतं. २००५ मध्ये ‘नको’ म्हणणाऱ्याला वाटलं की आपण खर्च टाळला. प्रत्यक्षात तो खर्च पुढे ढकलला गेला, आणि ढकलताना वाढला. तो भरला पुढे घर घेणाऱ्यांनी, भाडेकरूंनी, नोटिसा आलेल्या पंचेचाळीस घरांनी, मोकळ्या प्लॉटवाल्यांनी. यातल्या बहुतेकांना त्या सभेत आवाज नव्हता. २००७ मध्ये मात्र हिशेब आधी समोर ठेवला गेला आणि लोकांनी तो स्वीकारला. माणसं पैसे द्यायला नाही म्हणतात असं सरसकट समजण्याआधी हे उदाहरण आठवावं.

इतिहासात आपण केलेल्या कामांच्या तारखा नोंदवतो. न झालेल्या कामाला तारीख नसते, म्हणून त्याचा इतिहास लिहायचा राहून जातो. लॉस ओसोसमध्ये तो विहिरींच्या खोलीत आणि पाण्यातल्या क्षारांच्या नोंदींत लिहिला गेला आहे. कुठल्याही गावाच्या रखडलेल्या योजनेचा अभ्यास करायचा असेल, तर आमची सूचना अशी की सभेच्या इतिवृत्ताबरोबर त्या वर्षांतली विहिरींची पातळीही काढून बघा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बऱ्याच गोष्टी कळतात.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.